औषध नव्हे, पौष्टिक

खाडीच्या धक्क्यावर रोज सकाळी जिच्या आवाजावर भरवसा ठेवून शेकडो माणसं बोटीत चढत, त्या बाईला घरात सगळे ‘भोंगा’ म्हणत. हे नाव तिला नोकरीमुळे पडलं असं कोणालाही वाटेल, पण तसं नाही. नाव आधीचं, नोकरी नंतरची. जन्मल्याबरोबर तिने असा काही सूर लावला, की तिचे बाबा दाराबाहेरच्या बाकावरून उठून म्हणाले, "पोरगी कसली, भोंगा झालाय." नावासारखं माणूस निघत नाही अशीच आपल्याकडची म्हण आहे, सोनूबाईच्या हाती कथलाचा वाळा वगैरे. इथे मात्र नावाने शब्द पाळला. तेविसाव्या वर्षी भोंगा खरोखरच भोंग्याखाली जाऊन बसली आणि पुढची एकतीस वर्षं तिथून हलली नाही.

धक्का तसा एक म्हणायचा, पण बोटी लागायला जागा दोन. एक नंबर आणि दोन नंबर. वर लोखंडी जिना चढून गेलं की तीन बाजूंनी काच असलेली तिची खोली. खोलीत एक उंच स्टूल, भिंतीवर घड्याळ, काळा फळा, एक रजिस्टर आणि टेबलावर माइक. कोणती बोट कोणत्या नंबरला लावायची हे ती खडूने फळ्यावर लिही आणि मग खालच्या लोकांना सांगे. तिचा कायदा एकच होता: एका जागी एका वेळी एकच बोट. दोन चालक एकाच जागेकडे तोंड करून आले की ती दोघांनाही माइकवरून असं काही सुनावी, की बोटीतल्या लोकांची करमणूक होई.

सांगायची तिची पद्धतही तिचीच. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, हे तिने कधी म्हटलं नाही. कृपया म्हटलं की कोणी लक्ष देत नाही, असा तिचा अनुभव. ती फक्त म्हणे, "ऐका." मग मनात पाच आकडे मोजे. तेवढ्यात खालची कुजबुज थांबे, पोरांना गप्प केलं जाई. मग ती सांगे, आणि एकदाच सांगे. एखाद्या बोटीचं दुसऱ्यांदा सांगावं लागलं, तर रजिस्टरच्या समासात ती स्वतःच्या नावावर एक आडवी रेघ मारे. हे तिला कोणी करायला सांगितलं नव्हतं. महिन्याला दोन-तीन रेघा झाल्या तरी ती दिवसभर फुरंगटून बसे.

चौपन्नाव्या वर्षी रेघा वाढल्या.

त्याआधी बरंच काही झालं होतं, पण ते काय आहे हे तेव्हा कळलं नाही. धक्क्यावरचा डिझेलचा वास तिला येईनासा झाला, तेव्हा बोटी सुधारल्या असं समजून तिने चालकांचं कौतुक केलं. चालक एकमेकांकडे बघत राहिले. मग फळ्यावरची अक्षरं बारीक होत गेली. तिकीट खिडकीवरचा माणूस एकदा वर येऊन म्हणाला, "बाई, फळ्यावर मुंग्या सोडल्यात का?" मग मांडीवर नुसता ठेवलेला डावा हात आपलाआपण हलायला लागला. काम करताना हलत नसे, रिकामा असला की हले. शेवटी आवाज. खालून लोक विचारू लागले, "बाई, आम्हाला सांगताय की स्वतःशीच बोलताय?" गंमत अशी, की तिचा आवाज तिला स्वतःला अगदी पूर्वीसारखाच ऐकू येत होता. तिने सगळा दोष भोंग्यावर टाकला आणि वायरमनकडून तो दोनदा बदलून घेतला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, चार ओळी लिहायला लावल्या आणि पार्किन्सन्सचं नाव घेतलं. भोंगाला ते नाव नवीन नव्हतं. तिच्या बाबांना तेच होतं. शेवटच्या दोन वर्षांत बाबांचा आवाज इतका बारीक झाला होता, की दोघी बहिणी त्यांच्या ओठांना कान लावून बसत आणि नंतर ते काय म्हणाले यावर वाद घालत. थोरली म्हणे पाणी मागितलं, धाकटी म्हणे खिडकी उघडा म्हणाले. हाताचं, चालण्याचं भोंगाला फारसं भय नव्हतं. पण आपण बोलावं आणि कोणाला ऐकू जाऊ नये, या एका गोष्टीचं मात्र होतं. ते तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना मात्र तिने पहिलाच प्रश्न हा विचारला, "माइक सुटेल का?"

"बघू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या सुरू करू. आणि आवाजासाठी एक मुलगी आहे, तिच्याकडे जा."

ही मुलगी म्हणजे ओरडा-मॅडम. वय असेल सव्वीस, उंची जेमतेम, पण शिकवायची काय तर ओरडायला. "माझ्याशी बोलू नका," ती म्हणे, "रस्त्यापलीकडे माणूस उभा आहे, त्याच्याशी बोला." रोज सकाळी दहा वेळा छातीतून लांबलचक ‘आऽऽ’. पहिल्या दिवशी शेजारचे धावत आले. दार उघडून भोंगाच्या नवऱ्याने शांतपणे सांगितलं, "काही नाही हो, बायको व्यायाम करतेय." शेजाऱ्यांचा विश्वास बसला नाही, कारण भोंगाचा चेहरा. आजाराने तिच्या चेहऱ्यावरचं हसू आखडलं होतं. ती विनोद करी तेव्हाही चेहरा पेन्शनच्या कागदावर सही करणाऱ्या माणसासारखा. तिचे तेच जुने विनोद त्यामुळे जास्तच हसवू लागले, हा तिच्या मते आजाराचा एकमेव उपकार.

गोळ्या लागू पडल्या. तीन आठवड्यांत आवाज परत धक्काभर फिरू लागला, फळ्यावरच्या मुंग्या पांगल्या, समासातल्या रेघा आठवड्याला एक-दोनवर आल्या. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात तो रिपोर्ट आला.

बाबांना होतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं होतं. रिपोर्ट ऐकायला भोंगाबरोबर तिची ताईही गेली. ताई तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, खालच्याच मजल्यावर राहायची. पस्तीस वर्षं एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरावर तिने राज्य केलं होतं आणि निवृत्तीनंतर राज्य करायला तिच्याकडे एकच प्रजा उरली होती, ती म्हणजे धाकटी बहीण.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका जनुकात छोटासा बदल सापडलाय. बाबांकडून आलेला दिसतोय."

"म्हणजे बाबांनी मला नाक दिलं आणि वर हेही दिलं," भोंगा म्हणाली. "नाकाला मी तेव्हाच नको म्हटलं होतं."

"मग मलाही असेल?" ताईने विचारलं.

"असेल किंवा नसेल. निम्मी-निम्मी शक्यता. आणि असला तरी आजार होतोच असं नाही, पुष्कळांना जन्मभर काहीच होत नाही. तपासायचं की नाही, हे तुम्ही सावकाश ठरवा."

परतीच्या वाटेवर ताई एका दुकानात शिरली आणि दोन पिशव्या भरून बाहेर आली.

त्या दिवसापासून भोंगाच्या ओट्यावर डबे वाढायला लागले. हाडांसाठी एक, मेंदूसाठी दोन, माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या, जवसाची पूड, हिरव्या रंगाची कसलीशी भुकटी, जी पाण्यात टाकली की तळं साचल्यासारखी दिसे. रक्त जरा कमी भरलं होतं म्हणून लोहाच्या गोळ्या, आणि ताकद यावी म्हणून प्रोटीन पावडरचं दूध. नवरा म्हणाला, "आता चहाचा डबा शोधायला मला नकाशा लागतो." ताईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो काळा चहा पिऊन कामाला गेला.

रोज सकाळी सात वाजता ताई ट्रे घेऊन जिना चढून वर येई. ट्रेमध्ये डॉक्टरीणबाईंची गोळी, शेजारी लोहाची गोळी, बाजूला पावडरच्या दुधाचा उंच ग्लास. "एकाच घोटात सगळं घे," ती म्हणे, "म्हणजे विसरायला नको." अकराच्या गोळीसाठी डब्यात दोन उकडलेली अंडी. भोंगा सगळं निमूटपणे गिळे. ताईपुढे बोलायची सोय लहानपणापासून नव्हती, आणि शिवाय ती हे सगळं मायेपोटीच करत होती, हे का तिला कळत नव्हतं?

दोन महिन्यांत आवाज बसला.

थोडाथोडका नाही, चांगलाच बसला. समासात रेघाच रेघा. एकदा दोन नंबरची बोट एक नंबरला लागली आणि दीडशे माणसं उलट्या दिशेने धावली. नवऱ्याने आजार वाढला असं मनाशी धरलं. ताईने ते उघड बोलून दाखवलं आणि दुधातली पावडर दीड चमच्यावरून तीन चमचे केली. ओरडा-मॅडमने रस्त्यापलीकडचा माणूस आणखी दोन गल्ल्या लांब नेला. उपयोग शून्य.

धक्क्याचे साहेब माणूस वाईट नव्हते. फक्त प्रत्येक गोष्टीचा कागद करायची त्यांना सवय होती. ते जिना चढून वर आले, स्टुलाशेजारी उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, मुख्य कचेरीने घोषणेचं यंत्र पाठवलंय. बटण दाबलं की बोलतं. खाली खोक्यात आहे. मी अजून फोडलेलं नाही."

"का नाही फोडलं?"

"तुमच्यासाठी. पण मला वर उत्तर द्यावं लागतं. पुढल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सकाळची पूर्ण पाळी खाली रांगेत उभा राहतो, साध्या प्रवाशासारखा. बारा बोटींच्या बारा घोषणा. मला स्पष्ट ऐकू आल्या तर माइक तुमचा. नाही आल्या तर तुम्ही खाली तिकिटांच्या हिशेबाला बसा, पगार तोच. चालेल?"

"चालेल," भोंगा म्हणाली. साहेबांना ते ऐकू आलं नाही. तिला मान हलवून सांगावं लागलं.

पहिला सोमवार साडेतीन आठवड्यांवर होता. त्यातच ताईला पाच दिवस लेकीकडे जावं लागलं. जाताना तिने सगळे डबे एका ओळीत मांडले, भोंगाच्या नवऱ्याला तीनदा बजावलं आणि चौथ्यांदा लिहून दिलं. नवऱ्याने तो कागद इतका जपून ठेवला, की पुन्हा सापडला नाही. तो बिचारा सकाळी डॉक्टरीणबाईंची गोळी आणि पाण्याचा पेला तेवढा हातात देई. ताई नसल्याने ट्रे नाही, दूध नाही, अंडी नाहीत.

तिसऱ्या दिवशी भोंगाने "ऐका" म्हटलं आणि खाली एका म्हाताऱ्याच्या हातून छत्री पडली. पाचव्या दिवशी समास कोरा.

"बघ," नवरा म्हणाला, "ताई गेली आणि तुला कंठ फुटला. मी कधीपासून सांगतोय." हा विनोद त्याने चार जणांना सांगितला. भोंगालाही तो आवडला, पण तिला तेवढ्यावर झोपून जाता येईना. एकतीस वर्षं वेळापत्रक चालवलेली बाई ती. एखादी बोट रोज उशिरा येते आणि पाच दिवस वेळेवर येते, तर पाण्याला दोष देऊन कसं चालेल? तिने रजिस्टर उघडलं आणि मागच्या चार महिन्यांच्या रेघा मोजल्या. रेघा पुन्हा वाढू लागल्या तो आठवडा, आणि ओट्यावर डबे आले तो आठवडा, एकच. रेघा सगळ्यात जास्त कधी, तर आठ ते दहा आणि पुन्हा बारा ते एक. म्हणजे सातच्या ट्रेनंतर आणि अकराच्या अंड्यांनंतर.

तिने खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: सात वाजता, जागा एक नंबर. खाली लिहिलं: गोळी, लोह, दूध. आणि स्वतःशीच, पण रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई! एका जागेला तीन बोटी लावतेस होय?"

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंसमोर बसली.

"तुम्ही रोज काय काय घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुमची गोळी."

"ते झालं. आणखी कोणतं औषध?"

"औषध काही नाही." भोंगा थांबली. मागच्या दोन्ही वेळी तिने हेच उत्तर दिलं होतं आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं. "पण ताई पौष्टिक देते."

"पौष्टिक म्हणजे?"

भोंगाने पिशवी टेबलावर उपडी केली. अकरा डबे आणि बाटल्या. एक टेबलाखाली घरंगळत गेली, ती शोधायला डॉक्टरीणबाई स्वतः वाकल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात लोहाची बाटली होती आणि त्या हसत होत्या, थोड्या स्वतःवरच चिडलेल्याही होत्या.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही औषध विचारलंत. हे औषध कुठंय? हे खाणं."

"चूक माझी. मी शब्द चुकीचा वापरला." त्यांनी लोहाची बाटली आणि पावडरचा डबा बाजूला काढला. "लोह पोटात तुमच्या गोळीला धरून ठेवतं, ती नीट रक्तात उतरतच नाही. आणि दूध, अंडी, पावडर, सगळ्यातलं प्रोटीन ज्या वाटेने आत जातं, त्याच वाटेने तुमची गोळीही जाते. गर्दीत ती मागे राहते. आजार वाढलेला नाही हो तुमचा. गोळी पोचतच नव्हती."

बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ते असं. चार महिने दोन्ही बाजूंनी फक्त एक शब्द कमी पडला होता. भोंगाला एवढं हलकं वाटलं, की तिने तिथेच दवाखान्यात एक लांब ‘आऽऽ’ लावला. बाहेरच्या बाकावरचे दोघे उठून उभे राहिले.

मग डॉक्टरीणबाईंनी नीट लिहून दिलं. रक्त खरंच कमी आहे, तेव्हा लोह चालू ठेवायचं, पण गोळीपासून दोन तास लांब. प्रोटीन सोडायचं नाही, अंगाला ते हवंच, फक्त बराचसा भाग संध्याकाळच्या जेवणात न्यायचा. बाकीच्या नऊ डब्यांकडे बघून त्या म्हणाल्या, "यातल्या कशानेही जनुकातला बदल पुसला जाणार नाही. पैसे वाचवा. आणि नवीन काही आणलंत तर आधी मला दाखवा, मग त्याला खाणं म्हणा, पौष्टिक म्हणा, नाहीतर प्रसाद म्हणा."

खरा अवघड भाग पुढे होता. ताईला सांगणं.

ताई परतली तीच नवी बाटली घेऊन. भोंगाने तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं. ताईचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे मी तुझा आवाज घालवत होते?"

"तू घालवत नव्हतीस. तीन बोटी एकदम लावत होतीस."

"तेच ते! एवढ्या पोरांना जेवायला घातलं मी, एकाचं कधी पोट दुखलं नाही, आणि सख्ख्या बहिणीला..." ताईने पदर तोंडाला लावला. भोंगाने तिला रडू दिलं. मग ती म्हणाली, "आता तू एक काम कर. माझं वेळापत्रक तू सांभाळ. साडेसहाला गोळी, नुसतं पाणी. साडेसातला टोस्ट आणि चहा. अकराला गोळी. दुपारी जेवताना दीडला लोह. तुझं दूध आणि अंडी संध्याकाळी. कोणती बोट किती वाजता, ते तू ठरवायचं नाही, पण एकही मिनिट इकडेतिकडे होऊ द्यायचं नाही. वसतिगृहात करायचीस तसं."

"आणि बाकीचे डबे?"

"फेऱ्या रद्द."

ताई एक क्षणभर हसली आणि पुन्हा रडायला लागली. हे रडणं वेगळं होतं, हे भोंगाला लगेच कळलं.

"काय झालं ताई?"

"मी तपासणी केली गं," ताई म्हणाली. "तुझा रिपोर्ट आला ना, त्यानंतर पंधरा दिवसांत. कोणाला सांगितलं नाही. माझ्यात नाहीये तो बदल. मी सुटले, आणि तू अडकलीस. मोठी मी, बाबांनी द्यायचं तर मला द्यायचं. तोंड वर करून तुला कसं सांगू? म्हणून मग जे दिसेल ते आणत राहिले. म्हटलं, निदान एवढं तरी..."

भोंगा तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, त्यामुळे ताई आणखीच घाबरली. आणि मग भोंगा हसायला लागली. चेहरा तसाच, पण आवाज असा, की कपाटातली भांडी किणकिणली. नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला. त्याला वाटलं व्यायाम चाललाय.

"अगं वेडे," भोंगा म्हणाली, आणि मोठ्या बहिणीला वेडी म्हणायची तिची ही जन्मातली पहिलीच वेळ, "चार महिने एवढी चांगली बातमी डब्यात घालून ठेवलीस? मी रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की एकच घोकत होते, ताईला नसू दे, ताईला नसू दे. तुला नाही! तुझ्या पोरीलाही नाही मग! अहो, ऐकलंत का, ताईला नाहीये!"

तिला खरंच आनंद झाला होता. इतका, की तिने ताईच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. डावा हात ताईच्या पाठीवर थरथरत होता. ताईने तो थरथरू दिला.

सोमवारी सकाळी साडेसहाला ताई घड्याळ आणि पाण्याचा पेला घेऊन दारात हजर. आठला भोंगा स्टुलावर. खाली साहेब साधा शर्ट घालून, हातात पुठ्ठ्यावर लावलेला कागद घेऊन एक नंबरच्या रांगेत मधोमध उभे होते. कागदावर त्यांनी बारा ओळी आखल्या होत्या आणि वर लिहिलं होतं: ऐकू आली, ऐकू आली नाही, शेरा. ताई वर खोलीत, भोंगाच्या मागच्या भिंतीला टेकून देवासारखी निश्चल उभी होती. भोंगाने माइक जवळ ओढला.

पहिली घोषणा नीट गेली. दुसरीही. तिसरीला आवाज शेवटी जरा घसरला, पण साहेबांनी खूण केली ती चांगल्या रकान्यात केलेली तिला वरून दिसली. चौथी बोट नऊची, सगळ्यात गर्दीची. तीनशे माणसं एक नंबरवर ताटकळत होती, आणि तिथे आधीच लागलेल्या बोटीच्या चालकाने खालून हातवारे करून सांगितलं, की इंजिन बंद पडलंय. निघायला अर्धा तास. आता तीनशे माणसांना एकाच वेळी, धक्काबुक्की न होऊ देता, दोन नंबरवर न्यायचं होतं. एक शब्द कमीजास्त झाला तर अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

तिने खडूने फळ्यावर एकचा दोन केला. मग रस्त्यापलीकडचा माणूस डोळ्यांसमोर आणला. तो या वेळी पाण्यापलीकडे उभा केला.

"ऐका."

पाच आकडे. धक्क्यावर टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"नऊची बोट दोन नंबरला. लहान मुलांचे हात धरा, डाव्या बाजूने चला, पळू नका. बोट तुम्हाला सोडून जाणार नाही, मी आहे."

तीनशे माणसं एकदम वळली. धक्का नाही, बोंब नाही, कोणी कोणाला ‘बाई काय म्हणाल्या?’ असं विचारलंसुद्धा नाही. अख्खी रांग जशीच्या तशी दोन नंबरला गेली आणि फळीवरून बोटीत चढली. भिंतीजवळ ताई दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. भोंगाने साहेबांना शोधलं. रांगेत ते नव्हते, बाकावर नव्हते, ऑफिसच्या दारात नव्हते. बोट सुटली, वळली, आणि तेव्हा ते तिला दिसले. वरच्या डेकवर, दोन सामानवाल्या बायकांच्या मध्ये, पुठ्ठा छातीशी धरून साहेब पलीकडच्या काठाकडे निघाले होते.

भोंगाने माइक हातात घेतला. "ऐका," ती म्हणाली, आणि या वेळी पाच आकडे मोजणं तिला फार जड गेलं. "नऊच्या बोटीत आपले साहेब चुकून गेले आहेत. दहाच्या बोटीने परत येतील. उतरताना त्यांना आधी वाट द्या."

सगळा धक्का हसला. तिकीट खिडकीवरचा माणूस खिडकीबाहेर डोकं काढून हसला. ताई तर खाली बसूनच हसली.

साहेब दहाच्या बोटीने आले. लोकांनी त्यांना खरोखरच आधी वाट दिली. ते जिना चढून वर आले, घाम पुसला, पाणी मागितलं आणि पुठ्ठा टेबलावर ठेवला. पुढच्या आठ ओळी कोऱ्या होत्या. त्यांनी खिशातून पेन काढलं, क्षणभर विचार केला, आणि चौथ्या ओळीच्या शेऱ्याच्या रकान्यात, मुख्य कचेरीला पाठवायच्या त्या कागदावर, स्वच्छ अक्षरात लिहिलं: घोषणा ऐकू आली. त्यानुसार बोटीत बसलो.